सुजितचं जाळं

करंजा, उरण
२ जून २०२४

चि. भिकूस गोदूबायचे अनेक आशीर्वाद.

आधी घरच्या सगळ्यांचं विचारून घेते, मग तुझ्याकडे वळते. चांगुणाचा गुडघा कसा आहे? पावसाळी हवेत ठणकतो, तिला म्हणावं ओट्यावर बसून मासळी निवडायची तर पाटावर बस, उकिडवी नको. तुझा पोरगा विनेश वेळेवर जेवतो का, की मोबाईल बघत भात थंड करतो? शेजारच्या सदाचा खोकला गेला का? त्याने बिडी सोडली असं म्हणतात, म्हणजे आता लपून ओढत असेल. तुमची ती म्हातारी मांजर आहे अजून? आणि होडी? मासेमारी बंद झाली, म्हणजे वर ओढली असेल. तिच्या बुडाला तेल-रंग लावलात का? तिचीही तब्येत आहे बाबा, ती बरी तर घर बरं.

आता तू. फोन केला की चांगुणाच्या हातात देतोस. मला मागून तुझा श्वास ऐकू येतो, पण तू काही फोनवर येत नाहीस. लकव्याच्या झटक्याने तोंड थोडं वाकडं झालं, शब्द जड झाले, ठाऊक आहे मला. दवाखान्यात तुझ्या उशाशी मीच होते ना? पण झटका तुझ्या डाव्या अंगावरून गेला. उजवा हात धड आहे आणि तू सातवी पास आहेस. मग लिही की. मी तर शाळेची पायरी चढले नाही. मासळी बांधायच्या रद्दीवर अक्षरं जुळवत शिकले, म्हणून माझ्या लिहिण्याला अजून मासळीचा वास येतो असं सूनबाई दिशा म्हणते. ती न्हावा शेव्याला कंटेनरच्या कचेरीत असते, तिच्या अक्षराला सेंटचा वास. माझं वाचून ती हसते, तू काय हसणार!

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने तुला डाव्या हाताची बोटं चालवायला सांगितली आहेत, असं चांगुणा म्हणाली. नुसता रबरी चेंडू दाबून माणूस कंटाळेल. म्हणून आमच्या सुजितचं फाटलेलं जाळं एसटीने पाठवलं आहे, दिघीच्या थांब्यावर विनेश घेईल. सोबत दोरा आणि सुई आहे. डाव्या बोटांत जाळं धरायचं, उजव्याने विणायचं. बोटांचा व्यायाम होईल आणि आमचंही काम होईल. तुझ्या हातची गाठ सुजितला कुठे येते?

पत्र लिही.

तुझी
गोदूबाय

---

दिघी
१६ जून २०२४

तीर्थस्वरूप गोदूबायस भिकूचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चांगुणाचा गुडघा बरा आहे. विनेश जेवतो. सदाचा खोकला आहे तसाच आहे. मांजर आहे. होडी वर ओढली, रंग लावला.

मी बरा आहे. रोज सकाळी जेटीपर्यंत चालत जातो आणि येतो. हात उचलतो. डॉक्टर म्हणाले, उत्तम प्रगती आहे. नारळी पुनवेला होडीच्या पुढच्या टोकावर मीच उभा राहणार आणि नारळ मीच सोडणार. लोक उगाच काहीबाही बोलतात, लक्ष देऊ नको.

जाळं मिळालं. ते कोपऱ्यात ठेवलं आहे. दारात बसून जाळी सांधायचं काम ज्यांचं दर्यावर जायचं सरलं त्यांचं. आपले बाबा शेवटी तेच करत होते. मला अजून तशी वेळ आली नाही. पुन्हा असं काही पाठवू नकोस.

भिकू

---

करंजा
३० जून २०२४

चि. भिकूस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी ते छातीशी धरून घरभर फिरले. सुजित म्हणाला, "आये, लॉटरी लागली काय?" म्हटलं, त्याहून मोठी. माझा भाऊ जेटीपर्यंत चालतो!

जाळ्याचं माझं चुकलं. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बाबा ओट्यावर सुई घेऊन बसले त्या दिवशी आई आत जाऊन रडली होती, ते मी पाहिलं आहे आणि तरी विसरले. म्हातारपणी अक्कलदाढ पडते तशी अक्कलही पडते. राहू दे ते कोपऱ्यात, मी आले की परत आणीन.

हो, मी येणार आहे! नारळी पुनव आणि राखी यंदा एकाच दिवशी आहे. बाजारात माझ्या बाजूला बसणाऱ्या सगळ्या बायांना सांगून टाकलं, चला माझा भाऊ बघायला. अर्ध्या अंगावरून झटका गेलेला माणूस होडीच्या टोकावर उभा राहतो, असा तांडेल कुणी पाहिला आहे का? टेम्पो ठरवला आहे. आगरदांड्यापर्यंत टेम्पो आणि पुढे फेरीबोटीने पलीकडे. सगळ्या एका रंगाची लुगडी नेसणार आहेत. आमच्या देवळाजवळच्या पोरांनासुद्धा सांगितलं, जरा धडपडलं की झोपून राहणाऱ्यांनो, माझ्या भिक्याकडून शिका.

तू उन्हात फार उभा राहू नकोस. त्या दिवसासाठी जीव सांभाळ.

तुझी
गोदूबाय

---

दिघी
६ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप गोदूबायस नमस्कार.

यंदा येऊ नकोस. वारा फार आहे, फेरीबोट बंद पडते. घर गळतं आहे, बायांना बसायला जागा नाही. चांगुणाला त्रास होईल. पुढच्या वर्षी बघू.

बायांना काहीतरी सांग.

भिकू

---

करंजा
२५ ऑगस्ट २०२४

चि. भिकूस आशीर्वाद.

कुणाकुणाची खुशाली विचारू? सगळ्यांना डोळ्यांनी बघून आले, फक्त तुला सोडून.

वाऱ्याचं कारण तू दर्यावर वाढलेल्या बाईला सांगितलंस. तुमचा वारा वेगळा आणि आमचा वेगळा आहे का रे? त्या आठवड्यात पाणी तेलासारखं पसरलं होतं. तेव्हाच समजले, काहीतरी झाकलं आहे. टेम्पो रद्द केला आणि नारळी पुनवेला एकटीच एसटीने आले.

चांगुणाने चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, ती बोलली नसती तर तिथेच फुटली असती. जेटी तू मार्चनंतर पाहिलीच नाहीस. व्यायामाच्या मुलीला दोनदा माघारी पाठवलंस. पुढच्या खोलीच्या खिडकीला गोणपाट लावून भिंतीकडे तोंड करून पडतोस. अंघोळीला उठत नाहीस, विनेशशी बोलत नाहीस. आणि त्या दिवशी तर पहिल्यांदाच दार लावून घेतलंस. चांगुणा हलक्या आवाजात म्हणाली, "आतून कडी लावली हाय, वन्स. हाक मारू नका."

सगळा गाव पाण्यावर गेला होता. वाजंत्री वाजत होती. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. सोनेरी कागदातला नारळ आधी घरच्या तांडेलाच्या हाताला लावायचा, मग पाण्यावर न्यायचा. विनेश नारळ घेऊन तुझ्या दाराशी उभा राहिला. "बाबा," म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग नारळ दाराच्या फळीला टेकवला आणि निघून गेला. जाताना डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं, बापासारखंच.

मी पाण्यावर गेले नाही. मला काय करावं कळेना, तेव्हा कोपऱ्यातलं सुजितचं जाळं उचललं, ओट्यावर तुझ्या खिडकीखाली पाय पसरून बसले आणि विणू लागले. बाईने जाळं विणायचं म्हणजे तमाशाच. पूजेहून परतणाऱ्या बाया थांबल्या. एक म्हणाली, "काय गो गोदूबाय, करंज्याला पुरुष सपले काय?" मी म्हटलं, "पुरुष हायत, लाजतात." मला ती गाठ येतच नव्हती. मी आपली दिसेल तिथे सुई घालत होते. तुला चिडवायला नाही रे. मला नुसतं बसवत नव्हतं.

आणि मग आतून तू ओरडलास, "भवाने, सरकंल ती गाठ! खालून घे, खालून!"

सदा काठी टेकत पुढे आला आणि म्हणाला, "अरं, तांडेल बोलला! शिव्या शाबूत हायत रं!" बाया हसल्या, मीही हसले आणि मग रडू आलं. खूप हाका मारल्या तुला. तू पुन्हा बोलला नाहीस. शेवटच्या फेरीबोटीची वेळ झाली, तेव्हा जाळं तिथेच ठेवून, राखी दाराच्या कोयंड्याला बांधून निघाले.

भिकू, येताना बोटीत मला तुझी नाही, माझीच लाज वाटत होती. तू खोटं लिहिलंस खरं, पण तू एक लिहिलंस तर मी त्याचा ढोल बडवत बाजारभर फिरले. टेम्पो काय, लुगडी काय! तुला परत फिरायला मी वाटच ठेवली नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ती सोनुबाई मीच.

आता एक विचारते. मोठी बहीण म्हणून विचारते, खरं लिही. तू चांगुणाला म्हणालास, पाण्यात शिरावं आणि परत येऊ नये असं वाटतं. अजून वाटतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुझी मूठ झाकलेली नाही, ती आखडली आहे. वलांडीवर वाळत घालायचा बोंबीलसुद्धा झाकून ठेवला तर त्यात किडे पडतात, त्याला ऊन लागतं. दिशाने विचारून ठेवलं आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर ठरल्या वारी येतात. बीपीची गोळी खायला लाजत नाहीस ना? हीही गोळीच. मी विनेशला फोन करून सांगितलं आहे की तुला एकटं सोडायचं नाही. चहाडी म्हण, काहीही म्हण. आणि कधी तसं फारच वाटलं तर फोन उचल आणि नुसता श्वास ऐकव. मी ओळखेन.

चार ओळी पाठव.

तुझी
गोदूबाय

---

दिघी
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप गोदूबायस भिकूचा साष्टांग नमस्कार.

आधी माफी. मोठ्या बहिणीला गावादेखत भवानी म्हणालो.

तुझ्या पत्रात एक गोष्ट चुकीची आहे. मी कडी लावली नव्हती. ती कडी डाव्या हाताला येते, मला ती लावताच येत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. विनेश नारळ घेऊन आला तेव्हा मी दाराच्या आत, फळीला टेकून उभा होतो. त्याने नारळ टेकवला त्याचा ठोका माझ्या खांद्याला लागला. कुणी दार ढकलेल म्हणून मला धडकी भरली होती. मग कुणी ढकललं नाही, म्हणून मी खाली बसून रडलो. मला नेमकं काय हवं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

बाय, लाज कशाची ते लिहितो, तोंडाने कधी बोलणार नाही. चहा पिताना डाव्या कोपऱ्यातून गळतो. एप्रिलात सदा आणि दोघेचौघे भेटायला आले होते. चहा गळला आणि विनेशने सगळ्यांसमोर गमछ्याने माझं तोंड पुसलं. किती हळू पुसलं त्याने! सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. त्या दिवसानंतर मी कुणाला आत येऊ दिलं नाही. ज्या पोराला मी सुकाणू धरायला शिकवलं, चुकला तर सगळ्या खलाशांपुढे थोबाडलं, तो माझं तोंड पुसतो. त्याने चिडून पुसलं असतं तर सोसलं असतं.

तुला खोटं का लिहिलं? लिहिताना ते खरं वाटायचं. कागदावर माझे पाय चालत होते.

तू ओट्यावर बसलीस, तेव्हा गोणपाटाच्या फटीतून मला तुझे हात दिसत होते. तू सुई वरून घालत होतीस. नायलॉनचा दोरा आहे तो, अशी गाठ पाण्यात सरकते, भोक पडतं. मी तोंड दाबून बसलो होतो. तू पुन्हा वरून घातलीस. मग मला राहवलं नाही. माझाच आवाज मला रेड्यासारखा वाटला. पण तुम्हाला शब्द कळले ना? चांगुणालाही कळले का, ते मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "शेजाऱ्यापाजाऱ्यांना पण कळले."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. वाटत होतं. रोज नाही, पण विनेशची होडी बाहेर पडताना इंजिनाचा आवाज आला की हटकून वाटायचं. विनेश आणि मी तालुक्याला गेलो. डॉक्टर बाई आहेत, आपल्या दिशाएवढ्या असतील. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी हो म्हणून मान हलवली. विनेश बाजूला बसला होता, त्याच्यासमोर हलवली. जमीन फाटून आत जावं असं झालं. माझा डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता, तो त्याने उचलून स्वतःच्या हातात घेतला. मला त्या हाताला नीट कळत नाही, पण जड काहीतरी आहे एवढं कळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, झटक्यानंतर असं पुष्कळांना होतं, हा आजाराचाच भाग आहे, तुमच्या नामर्दपणाचा नाही. त्यांना कसं कळलं मी तोच शब्द मनात म्हणतो ते?

गोळ्या सुरू आहेत. पहिले काही दिवस नुसतं तोंड कोरडं पडलं, चिडून त्या फेकणार होतो. आता झोप लागते. व्यायामाची मुलगी पुन्हा येते. तिने मला काठी धरून अंगणाच्या टोकापर्यंत नेलं. जेटी नाही, अंगण. हे मोजून खरं लिहितो आहे.

सुजितचं जाळं घेतलं आहे. डाव्या बोटांत धरलं की सुटतं, म्हणून पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणतो आणि डाव्या हाताने नुसता आधार देतो. ओट्यावर बसतो, पण रस्त्याकडे पाठ करून. तेवढी लाज अजून आहे. मागून कुणी गेलं की मान आखडते. काल सदा आला, आपलं फाटकं जाळं माझ्या बाजूला टाकून बिडी ओढत बसला. म्हटलं, सोडलीस ना? म्हणाला, "तू कुठं खरं बोलतोस सगल्यांशी?"

राखी विनेशने कोयंड्यावरून सोडून हाताला बांधली. डाव्या.

भिकू

---

करंजा
२० ऑक्टोबर २०२४

चि. भिकूस आशीर्वाद.

जाळं पोचलं. सुजितने अंगणात पसरून बोटाने चाचपून बघितलं. "मामाचा हात तो मामाचाच," असं म्हणत पुढे सरकला आणि मधेच थांबला. "आये, हे काय? इथे एक ओळ कुणी भोंगळ घातली आहे? सगळ्या गाठी उलट्या! मामाला दिसल्या नाहीत?"

मी जवळ जाऊन बघितलं. माझी ओळ तू उसवली नाहीस. दोन्ही बाजूंनी नीट गाठी मारून ती मधे तशीच ठेवलीस. सुजितला म्हटलं, "ती माझी आहे. मामाच्या दारात बसून घातली." तो म्हणाला, "पण इथून मासळी सुटंल." म्हटलं, "सुटू दे. दर्याला पण थोडं द्यावं लागतं."

बाजारात बायांनाही सांगितलं. त्या अजून टेम्पोचं विचारत होत्या. म्हटलं, माझा भाऊ होडीवर नव्हता. तो आत होता, दाराला टेकून. त्याचं मन आजारी पडलं होतं आणि मी इकडे ढोल वाजवत होते. सांगताना माझे कान तापले. कुणी हसलं नाही. ती मोठ्या आवाजाची कोळंबीवाली, जी माझ्याशी गिऱ्हाईकावरून रोज भांडते, ती म्हणाली, "आमचा घरवाला दोन वर्सं झाली तसाच हाय. डॉक्टर कुठं बसतो गो?" मग मी तिच्यासाठी दिशाकडून वार विचारून घेतला. भिकू, तुझ्यासारखी माणसं नुसत्या एका भिंतीपलीकडे असतात.

दाराचं वाचलं तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी त्या ओट्यावर अख्खी दुपार बसले, आणि मधे नुसती एक लोटलेली फळी होती. आम्ही सगळी तुझा मान राखत बसलो. मान कसला, आम्हीही भ्यालो होतो. आत काय दिसेल त्याला. पुढच्या वेळी मी हाक मारणार नाही, विचारणार नाही, ढकलीन. तुला आवडो, न आवडो. तू शिव्या दे, खालून घे म्हण, काही म्हण.

आणि रस्त्याकडे पाठ करून बसतोस तर बस. एकदम वळायची घाई नको. थंडीत ऊन ज्या बाजूने येतं त्या बाजूला तोंड कर, एवढंच. आपल्या ओट्यावर ते रस्त्याच्याच बाजूने येतं, ही माझी चूक नाही.

दिवाळीनंतर येते. सोबत कुणी नाही, एकटीच. चहा करायला चांगुणाला सांग. मी तुझ्यासमोर बसून पिईन आणि कॅलेंडरकडे बघणार नाही.

या पत्राचं उत्तर लवकर लिही. चांगुणाचा गुडघा, विनेशचं जेवण, सदाची बिडी, मांजर, होडी, यातलं काही लिहू नकोस, ते मला फोनवर कळतं. तुझं तेवढं लिही, आणि जसं असेल तसं.

तुझी
गोदूबाय